पेटीला ऊन दाखवण्याचा दिवस

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळचे नऊ. ठिकाण पश्चिम तांबरम, आमच्या घराची गच्ची. हजर: काकू, खुर्चीत, मी, यादी घेऊन, माझा नवरा मिलिंद, पेटी वर चढवून दमलेला, आमची मुलगी यामिनी, केस ओले, हातात फोन. गैरहजर: माझे आईवडील, अज्जी, म्हणजे वडिलांची आई, आणि लेफ्टनंट सेतुमाधव, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, काकूचे यजमान.

ही हजेरी काकू दरवर्षी लिहून घेते. तिची सारी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, त्यामुळे हजेरीशिवाय तिचं कुठलंच काम सुरू होत नाही. एका वर्षी मी शेवटच्या चार नावांआधी 'कै.' लिहिलं होतं. तिने खोडरबर मागितला. "आज वर्गात नाहीत, एवढंच लिहायचं," म्हणाली. तेव्हापासून ते सगळे गैरहजर.

गेले पाच दिवस पाऊस लागून राहिला होता. चेन्नईचा डिसेंबर असाच असतो. समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार होतो, शाळांना सुट्टी मिळते, आणि तांबरमच्या सखल गल्ल्यांतून लोक चपला हातात घेऊन स्टेशन गाठतात. मग एका सकाळी अचानक ऊन पडतं, भांडी घासून उपडी मांडावीत तसं लख्ख. अशा दिवशी शेजारपाजारचे लोक गाद्या-उशा बाहेर काढतात. आम्ही पेटी काढतो.

खरं तर पेटीतल्या कपड्यांना ऊन दाखवायचं ते उन्हाळ्यात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन इतकं असतं की वाटलं तर वाटून द्यावं. पण महिना अज्जीने ठरवला होता आणि त्याचं कारण तिने एकदाच सांगितलं होतं. "तो या दिवसांत भिजला. या दिवसांतच वाळवायचं." त्यावर कोण काय बोलणार? तेव्हापासून आमचं घर दर डिसेंबरात उन्हाची वाट बघतं. हवामानाचा अंदाज आमच्याइतका मन लावून एखादा कोळीच ऐकत असेल.

सेतुकाका नौदलात होते. एकाहत्तरच्या युद्धात त्यांचं जहाज अरबी समुद्रात बुडालं आणि परत आलेल्यांत ते नव्हते. आधीच्या तारेत 'बेपत्ता' होतं. नंतरच्या पत्रात 'बेपत्ता, मृत मानण्यात येत आहे' असं होतं. काकू तेवीस वर्षांची होती, लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मुंबईत सरकारी घर मिळेपर्यंत म्हणून ती इथे सासरी राहत होती. ते 'मिळेपर्यंत' आजतागायत चालू आहे. मी त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मले. देश जिंकला होता, म्हणून वडिलांच्या ऑफिसातल्या कुणीतरी विजया हे नाव सुचवलं आणि तेच ठेवलं गेलं. अज्जीने मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. ती 'पोरी' म्हणायची. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी स्वतः आई झाले होते, त्यामुळे राग आला नाही.

पेटी आली ती पुढच्या उन्हाळ्यात. जहाजावर जे होतं ते गेलं. मुंबईच्या ऑफिसर्स मेसमध्ये, त्यांच्या खोलीत जे राहिलं होतं ते काळ्या पत्र्याच्या पेटीत भरून आलं. आणि त्याबरोबर यादी. टाइप केलेली, इंग्रजीत, एकच पान, कार्बनची प्रत. एकतीस नोंदी. खाली दोन सह्या, दोन्ही वाचता न येणाऱ्या.

मला त्या यादी करणाऱ्याबद्दल आयुष्यभर कृतज्ञता वाटत आली आहे. इरुंगाट्टुकोट्टैच्या ज्या कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघते, तिथे रोज माझ्यासमोर याद्या येतात आणि बहुतेक याद्या आळसाने केलेल्या असतात. 'किरकोळ सामान, एक खोका.' या माणसालाही 'कपडे, एक पेटी' असं लिहून मोकळं होता आलं असतं. लढाईचे दिवस, अशा कितीतरी खोल्या रिकाम्या करायच्या असणार. पण त्याने हातरुमाल मोजले. 'हातरुमाल, पांढरे, सात. पैकी एकावर शाईचा डाग.' तो डाग अजून आहे. काकू म्हणते, "या माणसाने सेतूच्या वस्तूंना हात लावला तो नीट लावला." मी याद्या करायला शिकले ती या पानावरून.

पद्धत ठरलेली आहे. एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने वस्तू दाखवायची, काकूने हात लावायचा, मग खूण. दर वर्षाला पेन्सिलीचा एक नवा रकाना. मूळ पानावर जागा संपली तेव्हा मी मागे आखीव कागद जोडला. मिलिंद सांगलीचा. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात काकूने त्याला सांगितलं, "अस्की बाहेर काढा, मिलिंदराव." आमच्या तंजावरी मराठीत अस्की म्हणजे सगळं. तो बराच वेळ पेटीच्या तळाशी अस्की नावाची वस्तू शोधत होता. अजून दरवर्षी पेटी उघडली की तो गंभीर चेहऱ्याने विचारतो, "काकू, अस्की सापडली का?" आणि काकू दरवर्षी म्हणते, "तुम्हालाच नाही दिसत."

या वर्षी मात्र पेटी उघडायच्या आधीच काकूने हात वर केला. वर्गात फळ्याकडे वळण्याआधी करत असेल तसा.

"आधी एक काम सांगते. यात एक वस्तू आपली नाही. ती तिच्या घरी गेली पाहिजे. या वर्षी. पुढच्या नाही."

मिलिंदला आणि यामिनीला हे नवीन होतं. मला नव्हतं. मी हे त्रेचाळीस वर्षं जाणून होते.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. पाऊस आठ दिवस थांबला नव्हता. सहामाही परीक्षा दोनदा पुढे गेली होती आणि मी एकच इतिहासाचा धडा इतक्यांदा वाचला होता की त्यातले राजे मला ओळखायला लागले असावेत. घरात सगळ्याला ओल्या कपड्यांचा वास. दोऱ्या बैठकीच्या खोलीत बांधलेल्या, वडील पेपर वाचताना परकराआडून डोकं काढून बोलायचे. मग नवव्या दिवशी ऊन पडलं. वरून तांबरमच्या हवाईदलाचं शिकाऊ विमान घरघरत गेलं, आठ दिवसांनी पहिल्यांदाच. अज्जीने वर बघितलं आणि म्हणाली, "यात भरती झाला असता तर कोरडा तरी राहिला असता." कुणी हसलं नाही. ती स्वतः जरा हसली.

त्या दिवशी यादी वाचायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. तोवर काकूच वाचायची. इंग्रजीत वाचायची आणि अज्जीसाठी लगेच मराठीत सांगायची, कारण अज्जीला इंग्रजी येत नव्हतं. माझं इंग्रजी आता बरं झालंय असं वडिलांनी जाहीर केलं, आणि मी यादी हातात घेऊन, पाय जुळवून, गच्चीच्या मध्यभागी उभी राहिले.

अज्जी पाटावर बसली होती. तिच्या मांडीवर स्वेटर होता. हा स्वेटर आमच्या घरात देवाच्या खालोखाल होता. गडद निळा, हाताने विणलेला, जाड. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पहाटे अज्जी दारापुढे कोलमची रांगोळी काढायला तोच घालून बसायची. बाह्या तीनदा दुमडलेल्या, तरी बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या, त्यातून तांदळाच्या पिठाची चिमूट बाहेर. समोरच्या घरच्या बाई दूध घ्यायला बाहेर आल्या की विचारायच्या, "काय पाट्टी, आज सिमल्याला निघालात?" पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. अज्जी म्हणायची, "माझ्या मुलाचा आहे." त्यावर त्या बाईंचं हसू बदलायचं आणि त्या आत जाऊन तिच्यासाठी कॉफी घेऊन यायच्या. चेन्नईच्या थंडीत स्वेटर लागत नाही. पण अज्जीला लागायचा.

मी वाचत गेले. पांढरे शर्ट, चार. मोजे, पाच जोड. दाढीचं सामान, एक डबी. बुद्धिबळाचा संच, एक, घोडा कमी. काकू दाखवायची, अज्जी हात लावायची. मग बावीस नंबर आला.

"शॉल, कॉटन, विथ बॉर्डर, वन," मी वाचलं.

"स्वेटर, एक," काकू अज्जीला म्हणाली आणि तिच्या मांडीकडे बोट दाखवलं. अज्जीने स्वेटरवरून हात फिरवला.

मी पुन्हा कागद बघितला. मग म्हणाले, "काकू, शॉल म्हणजे स्वेटर नव्हे की."

"सरि, बरं. पुढचं वाच."

"पण इथे कॉटन लिहिलंय. म्हणजे अंगवस्त्र. काठाचं. स्वेटर तर यादीत कुठे—"

"विजू." काकूने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता, रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून गाड्या दिसाव्यात तसा. "तेवीस नंबर वाच."

"अंगवस्त्र त्याच्या अंगावर होतं," अज्जी आपल्याशीच म्हणाली. "मी दिलेलं. ते घेऊन गेला तो. ते कसं येईल परत?"

मी तेवीस नंबर वाचला. टॉवेल, दोन.

संध्याकाळी काकू मला टी. नगरला घेऊन गेली, पोंगलसाठी परकर-पोलक्याचं कापड घ्यायला. खरं तर कापड घ्यायला आई जाणार होती. बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही, मग पनगल पार्कच्या बाकावर, ओलं बाक रुमालाने पुसून, काकूने मला सांगितलं. आजवर इतक्या लोकांनी मला इतक्या गोष्टी समजावून दिल्या, पण तितकं स्पष्ट कुणीच बोललं नाही.

स्वेटर काकांचा नव्हता. काकूला हे पेटी उघडली त्याच दिवशी कळलं होतं. काका बुटके होते, तो स्वेटर उंच माणसाचा. काकांच्या सगळ्या कपड्यांच्या कॉलरमागे धोब्याच्या काळ्या शाईची एक फुली आणि दोन ठिपके; स्वेटरच्या आत पट्टीवर तीन ठिपके आणि खाली एक रेघ. काकांचं अंगवस्त्र यादीत होतं आणि पेटीत नव्हतं. स्वेटर पेटीत होता आणि यादीत नव्हता. "एक जास्त, एक कमी," काकू म्हणाली, "म्हणजे काय झालं?"

"अदलाबदल," मी म्हणाले.

"शहाणी आहेस. एका खोलीत दोघं राहत होते. सामान भरणाऱ्याचा हात चुकला." मग तिने पुढचं सांगितलं. अज्जीने पेटीतून सगळ्यांत आधी स्वेटर उचलला होता आणि नाकाशी धरून म्हटलं होतं, याला सेतूचा वास येतो. त्यानंतर ती चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. "वास डांबराच्या गोळ्यांचा होता," काकू म्हणाली. "मला येत होता की. पण जेवली ना."

"पण हे खोटं आहे," मी म्हटलं. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय सुचणार?

"आहे. अज्जी आहे तोवर स्वेटर सेतूचा आहे. आणि अंगवस्त्र त्याच्या अंगावर आहे. ती नसेल तेव्हा आपण बरोबर करू." मग पार्काबाहेरच्या दुकानातून तिने मला एक वही घेऊन दिली, दोन्ही बाजूंनी आखलेली, आणि म्हणाली, "जे खरं आहे ते लगेच लिहून ठेवायचं. कधी बोलायचं ते नंतर ठरवता येतं."

परकराचं कापड आम्ही घाईत घेतलं. रंग आईला अजिबात आवडला नाही. वही मात्र अजून आहे. पहिल्या पानावर एकच ओळ: 'बावीस नंबर. एक जास्त, एक कमी.'

मी आज जी काही आहे ती त्या बाकावर बसल्यामुळे आहे, असं मला अनेकदा वाटतं. कारखान्यात एखादा सुटा भाग कमी भरला की लोक आधी माणसावर संशय घेतात. मी आधी शेजारच्या कप्प्यात काय जास्त आहे ते बघते. बहुतेक वेळा सापडतं. आमचे स्टोअर्सचे वयस्कर गृहस्थ एकदा मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुणाला चोर म्हणत नाही, हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, घरी.

आणि ज्या बाईने तो स्वेटर विणला तिचं मी काय करू? कोण होती ते आजपर्यंत मला माहीत नव्हतं. आई, बहीण, बायको. पहाडातली असणार. वीण इतकी सारखी की मशीनची वाटावी. फक्त डाव्या मनगटाजवळ एक टाका सुटलेला आहे, जसं कुणीतरी हाक मारल्यामुळे तिने मान वर केली असेल. तिच्या विणकामाने आमच्या अज्जीला वीस डिसेंबर काढून दिले. आपण कुणासाठी काय करतो हे आपल्याला कुठे कळतं? तिने तिच्या माणसासाठी विणलं आणि ऊब तांबरमच्या एका म्हातारीला मिळाली.

अज्जी गेली तेव्हा मी नोकरीला लागले होते. त्या डिसेंबरात मी काकूला विचारलं, आता पाठवायचा ना? ती म्हणाली, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणाली, अजून नको. मी माझ्या वहीत दरवर्षी ते काम पुढच्या पानावर नेत राहिले. कारखान्यात कुणी एखादं काम तिसऱ्या महिन्यात पुढे ढकललं तर मी त्याला बोलावून घेते. घरी मी तीस वर्षं गप्प राहिले. याबद्दल स्वतःला दोष देण्यात मी फार वेळ घालवला नाही, पण नोंद केली आहे.

पुढे ढकलण्याचं कारण तिने मला गेल्या महिन्यात सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, मी स्वयंपाकघरात तिच्या डोळ्यात थेंब घालत होते, आणि तिला डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं होतं. डोळे मिटलेले असताना माणसं बोलतात.

"त्या घरी सेतूचं अंगवस्त्र आहे," ती म्हणाली. "आपण स्वेटर पाठवला तर ते लोक अंगवस्त्र पाठवतील. चांगली माणसं असणार. मग बावीस नंबरला खूण होईल. यादी पुरी होईल." मग म्हणाली, "पुरी झाली तर त्याच्याकडून यायचं काही उरणार नाही की, विजू."

मी थेंबांची बाटली बंद केली.

"पण डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी आरसा दिला," ती पुढे म्हणाली. "इतकं स्पष्ट मी कितीतरी वर्षांत दिसले नव्हते. म्हातारी झाले. म्हटलं, त्या घरातही कुणीतरी माझ्या वयाची असेल. तिच्याकडेही एक यादी असेल. स्वेटर, एक. खूण नाही. तिलाही आता किती डिसेंबर राहिले असतील? मी तिची वस्तू धरून बसले आहे."

तर असं आम्ही आज गच्चीवर आलो. नंबर एकपासून एकवीसपर्यंत सगळं जागेवर होतं. बावीसला काकूने प्रथमच मराठीत बरोबर वाचलं: "अंगवस्त्र, काठाचं, एक. नाही." मग स्वेटर काढून तिने दोन्ही हातांवर घेतला, तान्हं मूल घेतात तसा, आणि यामिनीच्या हातात दिला. यामिनीला सगळी हकीकत मी भरभर सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी तमिळमध्ये, कारण गंभीर गोष्टी तिला तमिळमध्ये लवकर कळतात.

तिने आतल्या पट्टीवरच्या ठिपक्यांचा फोटो काढला. "काकूपाट्टी, हा मी टाकते. दोन दिवसांत सापडतील."

"कुठे टाकतेस?"

"सगळीकडे."

"सगळीकडचा नाही तो. एका घरचा आहे. पत्र लिहू."

"पत्राला सहा महिने लागतील."

"मी पन्नासाहून जास्त वर्षं लावली. सहा महिने काय घेऊन बसलीस?"

मिलिंदने स्वेटर उन्हात धरून बघितला. कोपराला कसर लागली होती तिथे काकूने कधीतरी रफू केलं होतं, निळ्याच दोऱ्याने पण फिकट. "काकू, धुवून पाठवू या," तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू आहे. बरं दिसत नाही."

आमच्याकडे हा स्वेटर कधी धुतला गेला नाही. अज्जी धुऊच द्यायची नाही. मला वाटलं काकू यावर विचार करेल, पण तिचं उत्तर तयार होतं.

"नाही. त्या घरीही कुणीतरी नाकाशी धरेल."

"पण काकू, आता त्यांच्या माणसाचा वास कुठून येणार?"

"नाही येणार. आमच्या अज्जीचा येईल. पिठाचा, कापराचा. येऊ दे. मूल कुणाकडे तरी राहून आलं की त्या घरचा वास येतोच की."

"आणि हे रफू? उसवून नीट रंगाचा दोरा—"

"राहू दे. सांभाळला होता एवढं कळेल."

स्वेटर मिलिंदने दोरीवर न टाकता चटईवर आडवा ठेवला, म्हणजे वजनाने लांबणार नाही. मग कठड्याजवळ जाऊन बराच वेळ रेल्वेलाइनकडे बघत उभा राहिला. माझ्या नवऱ्याची ही सवय मला आवडते. डोळे पुसायचे असले की तो गाड्या बघतो.

शेवटचा नंबर एकतीस. 'लेटर, अनओपन्ड, वन.' हे पत्र काकूचंच आहे. तिने इथून पाठवलेलं, ते मेसमध्ये पोचलं तोवर जहाज निघून गेलं होतं, आणि पेटीबरोबर परत आलं. दरवर्षी ते दाखवलं जातं, काकू हात लावते, खूण होते. उघडायचं नाव कुणी काढलं नाही. मी लहानपणी त्यात काय काय असेल याच्या कल्पना केल्या होत्या. नंतर त्या करायला मला लाज वाटायला लागली.

आज यामिनीने सरळ विचारलं. "यात काय लिहिलं होतंस, काकूपाट्टी?"

आम्ही दोघांनी एकदम तिच्याकडे बघितलं. काकू मात्र सहज म्हणाली, "उघडायला कशाला पाहिजे? मीच लिहिलं आहे, पाठ आहे. सेतूचं शेवटचं पत्र आलं होतं, की खोलीत नवा जोडीदार आला आहे. पहाडातला आहे, ताडमाड उंच, घोरत नाही हे त्याचे उपकार. थंडी नसताना स्वेटर उशाशी घेऊन झोपतो, आईने विणला आहे म्हणे. सगळं लिहिलं, नाव लिहिलं नाही. पुरुषांची पत्रं. तर मी लिहिलं, की त्यांना पोंगलला घेऊन या. आणि त्यांना तिखट चालतं का. आणि नाव काय त्यांचं."

खाली रस्त्यावर फुलवाली ओरडत गेली.

म्हणजे सारं आयुष्य ती हे जाणत होती: तो स्वेटर उशाशी घेऊन झोपणारा एक मुलगा होता, आणि त्याची आई होती. ते अज्जीपासून लपवणं एक, आणि स्वतःजवळ ठेवून रोज वर्गात जाऊन अपूर्णांक शिकवणं वेगळं. मला तिच्यावर चिडायचं असतं तर आज संधी होती. पण मला आठवलं ते बाक, आणि ओलं बाक माझ्यासाठी आधी पुसणारा तिचा हात.

"ते जोडीदार त्याच जहाजावर होते का?" मिलिंदने विचारलं.

"माहीत नाही. असतील. नसतीलही. असले तर त्यांच्या घरी कुणी असेल. वाचले असतील तर स्वतः असतील, ऐंशीच्या घरातले. मग त्यांना विचारायचं आहे, आमचं अंगवस्त्र थंडीत पुरलं का."

दुपारपर्यंत मी सगळं हातावेगळं केलं. नौदलाच्या कचेरीला पत्र: कोणत्या सुमाराला, कोणत्या मेसमध्ये, कोणाचा खोलीतला जोडीदार, धोब्याची खूण कशी, सोबत फोटो आणि यादीची प्रत. काकूने मजकूर तपासला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि एक वाक्य वाढवलं, की आम्हाला कोणाबद्दल तक्रार नाही, ज्यांनी यादी केली त्यांचे आभार पोचवता आले तर पोचवावेत. ते पत्र उद्या जाईल. स्वेटरची घडी घालून तो अज्जीच्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधला, कडुनिंबाचा पाला घातला, वरून जाड कापड शिवलं. पार्सल तयार ठेवायचं, नाव कळलं की त्या दिवशी टपालात, असं काकूचं म्हणणं. तयार वस्तू रेंगाळत नाही.

वर पत्ता लिहायला मी मार्कर घेतला. पाठवणाऱ्याच्या जागी काकूचं नाव लिहायला लागले तर तिने माझ्या हातून तो काढून घेतला. नव्या डोळ्यांनी, फळ्यावरच्या अक्षरात, तिने लिहिलं: 'प्रेषक: लेफ्टनंट सेतुमाधव.' खाली आमच्या घराचा पत्ता.

"त्याच्या मित्राचा स्वेटर चुकून त्याच्याकडे आला," ती म्हणाली. "तो असता तर त्यानेच परत केला असता. त्याचं काम राहिलं होतं."

पूर्वेकडून ढग पुन्हा चढायला लागले म्हणून आम्ही सगळं घेऊन खाली आलो. पेटी जागेवर गेली, पत्र क्रमांक एकतीस तळाशी, न उघडलेलं. हजेरीचा कागद मी वहीला लावला. पार्सल आता बैठकीच्या खोलीत टेबलावर आहे, प्रेषक लिहून झाला आहे. 'प्रति' लिहून त्यापुढे मी मोकळी जागा ठेवली आहे, एका नावाला पुरेल इतकी. ते नाव काकूने विचारलेलं आहे. उत्तर आणायचं काम माझ्याकडे.